जाहिरातीचा जमाखर्च

जाहिरात या शब्दाविषयीं आमचें मत फारसें चांगलें नव्हतें, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलीं. तेव्हां जें खरोखर चांगलें आहे तें ओरडून सांगावें लागत नाहीं, अशी आमची समजूत झाली असल्यास नवल नाहीं. भिंतीवर रंगविलेलीं अक्षरें, रिक्षावर भोंगा लावून गांवभर फिरणारा मनुष्य आणि वर्तमानपत्राच्या घडींतून गळून पडणारीं पत्रकें, एवढेंच जाहिरातीचें रूप आम्हांस ठाऊक होतें. परंतु घरांत धंदा निघाला म्हणजे समजुतींची परीक्षा होते. आमची ती परीक्षा गेल्या वर्षीं झाली, आणि तींत आम्ही प्रथम नापास झालों. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ती हकीकत उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमच्या धाकट्या चिरंजिवांची सोलापुरांतील नोकरी सुटली. घरांत माणसें नऊ, आणि नियमित उत्पन्न म्हणजे आमचें निवृत्तिवेतन व थोरल्या चिरंजिवांचा पगार. अशा वेळीं धाकटी सून पुढें झाली. तिच्या हातच्या शेंगांच्या चटणीचा आणि कडक भाकरीचा पाहुण्यारावळ्यांत लौकिक होताच. कुटतां कुटतां तेल सुटलेली ती चटणी आणि पापडासारखी पातळ, कित्येक दिवस टिकणारी ती भाकरी, हीं तर आमच्या सोलापूर जिल्ह्याचीं भूषणेंच. चातुर्मासांत आमच्याकडे लसूण वर्ज्य. म्हणून तिनें बिनलसणीची चटणीही सिद्ध केली. ओसरीलगतच्या खोलीचें दुकान झालें, अन्नसुरक्षेच्या कायद्याप्रमाणें नोंदणी झाली. भांडवल चाळीस हजार रुपये. त्यांपैकीं निम्मे सौ.नें आपल्या कुड्या मोडून दिले. या रकमेंतून दहा हजार जाहिरातीसाठीं राखून ठेवले, आणि तें खातें, घरांतील वडील मनुष्य म्हणून, आम्हीं आपल्याकडे घेतलें.

जाहिरातीची आवश्यकता होती, यांत संशय नाहीं. श्रीस्वामी समर्थ 1856 सालीं अक्कलकोटास आले व 1878 सालीं येथेंच समाधिस्थ झाले. त्यांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वर्षभर चालू असतो. गुरुवारीं, दत्तजयंतीस आणि चैत्रांतील प्रकटदिनास व पुण्यतिथीस तर गांवांत पाय ठेवावयास जागा नसते. पण आमचें घर बोळांत. हजारों पावलें हाकेच्या अंतरावरून जातात, आणि त्यांतील एकही आमच्या ओसरीकडे वळत नाहीं. दुसरें गिऱ्हाईक म्हणजे पोटासाठीं पुण्यामुंबईस गेलेला आमच्याच जिल्ह्याचा मनुष्य. या चवीची त्यास आठवण आहे, पण आमचा पत्ता ठाऊक नाहीं. या दोघांस थोडक्या पैशांत गांठावें कसें, हा खरा प्रश्न होता.

आम्हीं तो प्रश्न सोडविण्याऐवजीं दुसऱ्याच्या गळ्यांत बांधला. ऑनलाइन जाहिरातीचें काम करणारे एक गृहस्थ भेटले. ‘पन्नास हजार लोक तुमची जाहिरात पाहतील,’ असें त्यांनीं सांगितलें, आणि आठ हजार रुपये मागितले. आम्हीं मनांतल्या मनांत भागाकार केला. एका मनुष्यास सोळा पैसे! एवढें स्वस्त दुसरें काय असणार? सुनेस न विचारतां आम्हीं पैसे देऊन टाकले. महिनाअखेर हिशेब आला. जाहिरात पन्नास हजारांहून अधिक वेळां दिसली होती; चार हजार लोकांनीं अंगठा उमटवून पसंती दर्शविली होती; आणि मागण्या आल्या होत्या तीन. त्यांतील एक इतक्या दूरची कीं, चटणीपेक्षां पार्सलाचाच खर्च अधिक झाला. घरांत आम्हांस कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलणें आम्हीं सोसलें असतें, जेवतांना सौ.च्या मोकळ्या कानांकडे दृष्टि गेली म्हणजे तें मौन मात्र सोसवत नसे.

अपराधी मनुष्य घाईनें दुसरी चूक करतो, तशी आम्हीं केली. उरलेल्या दोन हजारांत गेलेले आठ हजार भरून काढण्याची युक्ति म्हणून आम्हीं सुचविलें कीं, वेष्टनावर श्रींचें चित्र घालावें आणि ‘अक्कलकोटचा प्रसाद’ असें लिहावें. यात्रेकरू आपण होऊन घेतील. सून क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मामंजी, प्रसाद देवळांत मिळतो, मी तर चटणी विकतें. लोकांनीं ती श्रद्धेनें घेतली आणि पुन्हां मागितली नाहीं, तर मला काय कळणार कीं ती चांगली झाली होती कीं नाहीं?” त्याच सुमारास त्या गृहस्थांनीं आणखी एक मजकूर सुचविला होता: ज्वारीची भाकरी खाऊन मधुमेह बरा होतो, असा. तोही तिनें फाडून टाकला. पुढें आम्हांस कळलें कीं, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु सुनेनें नकार दिला तो दंडाच्या भीतीनें नव्हे. जन्मभर मुलांस सत्याचे पाठ देणाऱ्या आम्हांस त्या दिवशीं घरांतच पाठ मिळाला.

त्यानंतर आम्हीं विद्यार्थी व्हावयाचें ठरविलें. थोरल्या चिरंजिवांची कन्या वाणिज्य शाखेंत शिकते. तिच्यापुढें वही घेऊन बसलों. तिनें समजावून दिलें तें असें. गूगलवर कोणी कांहीं शोधूं लागला कीं, त्या क्षणीं जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. त्यांत केवळ अधिक बोली लावणारा जिंकतो असें नाहीं. शोधणाऱ्याच्या प्रश्नास जाहिरात किती लागू पडते, हेंही पाहिलें जातें. आणि सामान्यतः जाहिरातीवर कोणी बोट ठेवून आंत आला तरच पैसे पडतात. फेसबुक व इन्स्टाग्राम यांची रीत निराळी. तेथें मनुष्य कांहीं शोधावयास आलेला नसतो; त्याचें गांव, वय, भाषा, आवड पाहून जाहिरात त्याच्यापुढें ठेवतात, आणि बहुधा दाखविल्याचेच पैसे घेतात. “आजोबा, पहिलें म्हणजे दुकानाची चौकशी करणाऱ्यास रस्ता दाखविणें, आणि दुसरें म्हणजे वाटेनें जाणाऱ्यास हांक मारणें,” असें तिनें सांगितलें. हांक मारणें वाईट नाहीं. पण ती कोणास मारावयाची, हें आधीं ठरलें पाहिजे.

येथें आमचें जुनें तर्कशास्त्र उपयोगी पडलें. लक्षणाचे तीन दोष आम्हीं मुलांकडून घोकून घेत असूं. ‘जिला शिंगें ती गाय’ म्हटलें तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. ‘जी तांबूस ती गाय’ म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. आणि ‘जिला एकच खूर ती गाय’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. आमचे आठ हजार गेले ते अतिव्याप्तींत. कारण जाहिरात साऱ्या हिंदुस्थानास दाखविली होती. केवळ अक्कलकोटांत दाखविली असती तर अव्याप्ति झाली असती. ज्याच्या घरींच चटणी कुटली जाते तो ती विकत कशास घेईल? गिऱ्हाइकाचें निर्दोष लक्षण बांधणें, हेंच स्वस्त जाहिरातीचें रहस्य होय. जागेचा भाव स्वस्त असून भागत नाहीं. ती योग्य मनुष्यासमोर असावी लागते.

मग उरलेल्या दोन हजारांचा विनियोग सुनेच्या अनुमतीनें ठरला. प्रथम, जें फुकट आहे तें पुरतें पदरांत घेतलें. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करण्यास पैसे पडत नाहींत. मात्र जागा खरोखर आपली आहे, हें पटवून द्यावें लागतें. तेथें दुकानाचें नांव, वेळ, बोळांतून येण्याची खूण आणि ओसरीचें स्वच्छ छायाचित्र घातलें. मराठीबरोबर कन्नडांतही दोन ओळी लिहिल्या, कारण सीमेपलीकडील यात्रेकरूही येथें पुष्कळ येतात. दुसरें, व्हॉट्सअॅपनें धंद्यासाठीं 2018 सालीं काढलेलें निराळें अॅप घेतलें. त्यांत मालाची यादी किमतीसह लावून ठेवतां येते, त्यामुळें तेंच तेंच सांगण्याचे श्रम वांचले. हें सर्व झाल्यावरच तिसरी पायरी: पैसे देऊन जाहिरात, आणि तीही परीक्षा म्हणून सात दिवसांची, केवळ पुण्यांत, मराठी वाचणाऱ्यांसाठीं. दररोजची मर्यादा दीडशें रुपये. जाहिरातीवर बोट ठेवलें कीं सरळ सुनेशीं व्हॉट्सअॅपवर बोलणें सुरू व्हावें, अशी योजना केली.

आतां हिशेब. सात दिवसांचे 1050 रुपये व त्यावर 18 टक्के वस्तु व सेवा कर 189 रुपये, एकूण 1239. एकतीस लोकांनीं चौकशी केली, नऊ जणांनीं माल घेतला. एका मागणींत सर्व खर्च वजा जातां सरासरी नव्वद रुपये सुटतात. म्हणजे 810 आले, आणि 429 चा तोटा झाला. आमचा चेहरा पुन्हां उतरला. सून मात्र म्हणाली, “मामंजी, वही मिटूं नका. दोन महिने थांबा.” त्या नवांपैकीं चौघांनीं पुन्हां माल मागविला, दोघांनीं तर दोन वेळां, अशा सहा मागण्यांचे आणखी 540 रुपये. एकूण 1350. एकशें अकरा रुपयांचा नफा! नकाशा पाहून ओसरीवर आलेले यात्रेकरू तर निराळेच. त्यांस आणण्यास एक पैसाही पडला नाहीं. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास ‘आपणांस आमचा पत्ता कोठून कळला?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहींत टिपून ठेवण्याची सक्ति आम्हीं स्वतःवर करून घेतली आहे. या एका प्रश्नानें जें कळतें, तें पन्नास हजारांच्या आंकड्यानें कळलें नव्हतें.

महाराष्ट्रास ही गोष्ट वस्तुतः नवी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1903 सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां शेतकऱ्यांच्या मनांत लोखंडाविषयींच संशय होता. पुढें 1910 सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 सालीं तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक काढलें. परक्याच्या पत्रांत जागा विकत घेत बसण्याऐवजीं आपल्या गिऱ्हाइकाशीं महिन्याचे महिने सरळ बोलत राहावें, हा त्यांतील मार्ग होता. आणि तें मासिक पुढें साऱ्या मराठी घरांचें झालें. आमच्या सुनेच्या हातांतील मोबाइलास त्या मासिकाची उपमा देणें धाडसाचें होईल. परंतु प्रत्येक चौकशीस ती स्वतः उत्तर देते, आणि चटणी कधीं तिखट झाली तर आधींच तसें कळविते. अनोळखी मनुष्य ओळखीचा होतो तो यामुळेंच.

ज्यांच्या घरीं नवा धंदा निघत असेल, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. किती जणांनीं पाहिलें, हें सांगणाऱ्यास पैसे देण्यापूर्वीं किती जण पुन्हां आले, हें स्वतः मोजण्याची तयारी ठेवावी. जेवढे बुडाले तरी ताटांतील अन्न कमी होणार नाहीं तेवढ्याच पैशांची परीक्षा करावी. आणि वडीलधाऱ्यांनीं, विशेषतः आमच्यासारख्या शिक्षकांनीं, ज्याचा धंदा आहे त्यास विचारल्यावांचून एक रुपयाही खर्च करूं नये. गेलेले आठ हजार अद्याप भरून आलेले नाहींत. सुनेनें त्यांसाठीं वहींत निराळें पान घातलें असून त्यावर कोणाचेंही नांव लिहिलेलें नाहीं. नुसतें ‘कुड्या’ एवढेंच लिहिलें आहे. दर महिन्याच्या अखेरीस नफ्याचा कांहीं भाग त्या पानावर चढतो. तें पान पुरें होईल त्या दिवशीं सोनाराकडे जाण्याचा मान आम्हांस मिळावा, अशी विनंति आम्हीं तिच्यापाशीं करून ठेवली आहे.