दाण्याचं कूट आणि संमतीपत्र

2008 चा हिवाळा. आम्ही लंडनला राहत होतो आणि आमची लेक नुकतीच वरचं अन्न खायला लागली होती. इसबाने तिची त्वचा कोपरांत, गुडघ्यांमागे सोलून निघालेली असायची. त्यात अंडं भरवल्यावर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तपासणीत अंड्याची ॲलर्जी ठरली आणि त्याच वेळी तिथल्या नर्सने एक माहितीपत्रक हातात ठेवलं. एव्हलिना बाल रुग्णालयात गिडियन लॅक यांचा गट शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर ‘लीप’ नावाचा अभ्यास करत होता. त्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची बाळं हवी होती.

अभ्यास असा होता: बाळांचे दोन गट. एका गटाला आठवड्यातून निदान तीनदा, मिळून किमान 6 ग्रॅम प्रथिन पोटात जाईल इतका शेंगदाणा भरवायचा. दुसऱ्या गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत त्याला शिवायचंही नाही. कोण कुठल्या गटात, हे आईबापांनी नाही, डॉक्टरांनीही नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं संगणकाने ठरवायचं.

मी सोलापूरची. आमच्याकडे शेंगाची चटणी पानात नसेल तर जेवण वाढलं असं कुणी म्हणत नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत तर मूठभर कूट. सासूबाई बाळासाठी आल्या होत्या आणि रोज दाणे भाजून मिक्सरमधून काढत होत्या. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, शेंगदाणा कधी कुणाला बाधतो का? आणि आपलं लेकरू काय प्रयोगाला द्यायचं?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लंडनमध्ये मिळत होतं. तिथे शेंगदाण्याने घसा सुजून जिवावर बेतलेली मुलं होती. म्हणूनच ब्रिटनमध्ये 1998 पासून सरकारी सल्ला होता की आईवडील किंवा भावंडांत दमा, इसब, ॲलर्जी असेल तर मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता. म्हणजे सल्ला आम्हालाच उद्देशून होता.

दुसरा प्रश्न मला झोपू देत नव्हता. खाणाऱ्या गटात गेली तर ज्याची भीती घालतात तेच मी माझ्या हाताने तिला भरवायचं. टाळणाऱ्या गटात गेली आणि भरवणंच हिताचं होतं असं पुढे निघालं तर?

अभ्यासातल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. त्यांनी इस्रायलबद्दल सांगितलं. तिथली बाळं बांबा नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे दात यायच्या वयापासून चघळतात, आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट आढळली होती. पण हे निरीक्षण झालं, त्यावरून कारण सिद्ध होत नाही, असंही त्या लगेच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, बाळाला मालिश कोणत्या तेलाने करता? खोबरेल, मी म्हटलं. त्यांच्या गटाला शंका होती की फुटलेल्या त्वचेतून शेंगदाणा आत गेला तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकतं, आणि तोंडावाटे लवकर गेला तर सोसायला शिकतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून ओटा पाहिला. मिक्सरच्या झाकणावर, सासूबाईंच्या हातांवर, त्याच हातांनी उचललेल्या बाळाच्या झबल्यावर कूट होतं. तोवर मी समजत होते की अभ्यासात नाव घातलं नाही तर बाळाला काहीच होणार नाही, ते आपलं घरी सुरक्षित राहील. पण आमच्या घरात ‘काहीच न करणं’ असं काही नव्हतंच. सल्ला पाळला असता तरी शेंगदाणा तिच्या तोंडात न जाता कातडीवर जातच राहिला असता. तिच्यावर प्रयोग चालूच होता. फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

नवऱ्याने व्यवहाराचे प्रश्न विचारले. पहिला घास कुठे? रुग्णालयात, डॉक्टरांसमोर. आधी टोचून तपासणी, आणि गांध 4 मिलिमीटरपेक्षा मोठी उठली तर बाळाला अभ्यासात घेणारच नाहीत. मध्येच बाहेर पडता येईल? कधीही, कारण न सांगता. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “कूट मी बंद करते. पण तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, नंतर एकमेकांना बोल लावायचा नाही.” आम्ही सही केली.

ती टाळणाऱ्या गटात गेली. घरातून दाणे गेले, खिचडीत ओलं खोबरं आलं. वाढदिवसांना केकच्या वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लागली. पाचव्या वर्षी रुग्णालयात थोडा थोडा वाढवत शेंगदाणा दिला आणि तिला काही झालं नाही.

फेब्रुवारी 2015 मध्ये निकाल आला. एकंदर 640 मुलं होती. टाळणाऱ्यांत 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. मला आनंद झाला आणि त्याच वेळी आमच्या गटातल्या त्या मुलांच्या आयांची आठवण झाली. प्रतीक्षालयात त्यांच्याशेजारी मी बसले होते. त्यांनी माझ्याइतकाच विचार करून सही केली होती. आज बाळांना लवकर शेंगदाणा द्या असं देशोदेशी सांगतात, त्यात त्यांच्या मुलांचा वाटा माझ्या मुलीपेक्षा मोठा आहे, आणि तो कुठे नावानिशी लिहिलेला नाही.

लेक बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा बोलावणं आलं. लहानपणी खाण्याने मिळालेलं संरक्षण मोठेपणी टिकतं का, हे त्यांना पाहायचं होतं. या वेळी कागद तिने स्वतः वाचला. किती रक्त घेणार, आणि खाणाऱ्या गटातल्या ज्या मुलांना शेंगदाणा आवडतच नव्हता त्यांनी पाच वर्षं काय केलं, हे तिने डॉक्टरांना विचारलं. मग सही केली.