आजीचा रुपया आणि दुसरे मत



आपल्या लोकांच्या घरी जुना चांदीचा रुपया निघाला की हल्ली मुले आधी विचारतात, "ग्रेडिंग केलं का?" आमच्याकडे आजीचा राणीछाप रुपया आहे. त्यावर साल १८६२. हेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले, त्यामुळे तो तसा दुर्मिळ नाही. वजन ११.६६ ग्रॅम. अलिबागकडच्या खेड्यातून तो मुंबईला आला आणि तिथून आमच्याबरोबर अश्दोदला.

धाकट्या भावाने तो एका ग्रेडिंग कंपनीकडे पाठवला होता. बंद प्लास्टिकच्या डबीत परत आला, ग्रेड ५५, म्हणजे वापर अगदी थोडा. यंदा आम्हा तीन भावंडांत वाटणीचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "आत्या, दुसऱ्या कंपनीने ५८ दिला तर भाव वाढेल. डबी फोडून नाणं मोकळं पाठवू."

मी नोकरीभर वॉर्डात राहिले. दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे, पण त्यासाठी जुनी फाईल कोणी फाडत नाही.

ही १ ते ७० ची मोजपट्टी शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकन सेंटसाठी मांडली. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली; दोघी हीच पट्टी वापरतात. दुसऱ्या कंपनीच्या डबीतले नाणे तसेच पाठवता येते, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. किमान किती ग्रेड हवी ते आपण अर्जात लिहायचे. तेवढी मिळाली तरच डबी उघडतात, नाहीतर नाणे जुन्याच डबीत परत येते.

डबी आपणच फोडली तर जुनी ग्रेड गेली. नवी कमीही येईल. घासल्याच्या खुणा दिसल्या तर आकडाच मिळत नाही, नुसते 'डिटेल्स' लिहून येते. आपल्या घरांत ही भीती खरी आहे. सणाआधी चांदी राखेने, चिंचेने घासायची रीत होती आणि माळेसाठी रुपयाला कडीही डाखत.

शेवटी डबीसकट पाठवला, किमान ५८ लिहून. काही आठवड्यांनी तसाच परत आला, ५५ चा ५५. फी आणि विम्याचे टपाल अंगावर पडले. भाचा खट्टू झाला.

मी त्याला विचारले, "गिऱ्हाईक आलं तर ह्या रुपयाबद्दल काय सांगशील?" त्याला आकडा तेवढा ठाऊक होता. तेव्हा मी कागद घेतला. आजीच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता, शनवारी तो बंद असे. लग्नात त्यांनी हा रुपया तिच्या हातावर ठेवला. अडचणीच्या दिवसांतही तिने तो मोडला नाही. भाच्याने ते मोबाईलवर टाइप करून घेतले आणि घाणा कुठे होता तेही विचारले.

विकायचा की ठेवायचा, हे तिघांचे अजून ठरलेले नाही. विकला तरी कागद घरात राहील.

तुमच्याकडे असा रुपया असेल तर घासू नका. पाठवण्याआधी फी आणि टपालाचा हिशेब करा. आणि तो कोणाचा होता हे घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा.