अध्ययन रजेचा पहिला अर्ज

नोकरीला लागल्यावर आस्थापनेच्या टेबलावर रजेचे अर्ज माझ्याकडे आले. किरकोळ रजा, अर्जित रजा इथपर्यंत समजत होतं. मग एका वनपालांचा अर्ज आला. वनशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचंय, अध्ययन रजा मिळावी. माणूस कॉलेजात बसणार, त्याला रजा वेतन मिळणार आणि ही रजा त्याच्या खात्यातून वजाही होणार नाही! असं कसं, हे मला काही केल्या कळेना. मोठ्या भाऊसाहेबांनी रजा नियम, 1981 चं पुस्तक पुढ्यात ठेवलं. "आधी सगळं वाच, मग टिपणी लिही," एवढंच म्हणाले.

वाचलं आणि आणखी गोंधळले. साधारणपणे एका वेळी बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. आधी पाच वर्षं नोकरी झालेली हवी, परतल्यावर निवृत्तीला तीन वर्षं तरी उरायला हवीत. विषयाचा कामाशी थेट, जवळचा संबंध हवा. वर बंधपत्र. आणि एवढं सगळं जुळलं तरी रजा हक्क म्हणून मागता येत नाही. मग ही तरतूद केली तरी कुणासाठी?

उलगडा जुन्या पुस्तकात झाला. इंग्रजांचे मूलभूत नियम 1 जानेवारी 1922 पासून लागू झाले. त्यातला 84 वा नियम शास्त्रीय आणि तांत्रिक अभ्यासाच्या रजेचा. त्याखालच्या तपशिलात वैद्यकीय, पशुवैद्यक, शेती, शिक्षण, बांधकाम या खात्यांच्या रांगेत वनखातंही आहे! पाच वर्षं, तीन वर्षं, बारा महिने, सगळं तिथलंच. फक्त पगार निम्मा आणि अभ्यासभत्ता शिलिंगांत. साहेब बोटीनं विलायतेला जाणार, तिथं शिकून परत येणार, हे गृहीत धरूनच नियम बेतलेला.

त्या काळी आमचं कुंडल गाव औंध संस्थानात होतं. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि सरकारी नियमपुस्तकं इथंही आली. आज याच गावात वनाधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे. साहेबासाठी शिवलेला नियम वणव्याच्या रात्री डोंगरावर काढणाऱ्या वनपालाच्या अंगाला बसलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

अडचण 'कामाशी संबंध' या रकान्याची होती. अर्जात तिथं 'विषय कर्तव्याशी निगडित' एवढीच ओळ होती. अशा ओळीवर वरचं कार्यालय फाइल परत पाठवतं, असं भाऊसाहेब म्हणाले. म्हणून अभ्यासक्रमाचं पत्रक मागवलं आणि एकेका विषयासमोर काम लिहिलं. मृदसंधारणासमोर समतल चर, बीजशास्त्रासमोर रोपवाटिका, वन्यजीव व्यवस्थापनासमोर उसाच्या फडात शिरणारे बिबटे. सेवापुस्तकावरून नोकरीची वर्षं पडताळली, बंधपत्राचा नमुना जोडला. भाऊसाहेबांनी टिपणी दोनदा वाचली आणि सही करून फाइल वर पाठवली.