वजा एक सेकंद

चि. मुक्ता,



तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंश करून वर फेकला, तर किती लांब पडेल? ५२ मीटर हे तुझं उत्तर बरोबर आहे. तरी तुझं म्हणणं, ‘सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कधी लावायचं ते सुचत नाही.’

सूत्र शोधूच नकोस. पानाच्या मधोमध उभी रेघ मार. एका बाजूला आडवं: वेग १७.३, त्वरण शून्य. दुसऱ्या बाजूला उभं: वेग वर १०, त्वरण खाली १०. (९.८ घेतलं की नुसती आकडेमोड वाढते.) रेघ ओलांडायची मुभा फक्त वेळेला. उंची माहीत आहे म्हणून वेळ उभ्या बाजूला सापडते, आणि ती आडव्या बाजूला वापरायची. या दोन गती एकमेकींत लुडबुड करत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मांडलं. तेव्हा तो नजरकैदेत होता. पुस्तक छापलं गेलं दूर लायडनला.

पण मला लिहायचं होतं ते तुझ्या काट मारण्याबद्दल. वर्गसमीकरणातून वेळेची दोन उत्तरं आली, ३ आणि −१. दुसऱ्यावर काट मारून तू ‘अशक्य’ लिहिलंस. अगं, अशक्य कसलं! गच्ची नसती आणि हाच चेंडू याच वाटेने जमिनीवरून आला असता, तर तो एक सेकंद आधी सुटला असता, २० च्या उभ्या वेगाने. ताळा बघ: सेकंदात २० चे १० झाले, सरासरी १५, म्हणजे चढला १५ मीटर. बरोबर गच्चीपाशी. समीकरणाला गच्ची ठाऊकच नाही, त्याला फक्त चेंडूची वाट ठाऊक. परीक्षेत −१ सोडून दे, पण असा विचार करून.

आता कोन ४५ घे. सर्वांत लांब ४५ लाच जातं, हे टार्टाग्लियाने १५३७ सालीच सांगितलं होतं, पण ते सपाट जमिनीवर. गच्चीवरून ५१.६ मीटरच येतात, म्हणजे तिसापेक्षाही कमी! गोळाफेक करणारेही ४५ च्या खालीच फेकतात. त्याचं एक कारण हेच, गोळा खांद्याच्याही वरून सुटतो. सर्वांत लांब नेणारा कोन काढून कळव. ३७ च्या आसपास यायला हवा.

वहिनीला सांग, चकल्या पोचल्या.

तुझी,
आत्या