अक्का, मैदानावर ये

प्रिय अक्का,

परवा फोनवर शुगरचा आकडा सांगितलास, गोळ्यांची नावं सांगितलीस आणि वर म्हणालीस, "रोज चालायला सांगितलंय गं, पण एकटीनं चालायचा कंटाळा येतो." मला हसू आलं, थोडा रागही आला. कंटाळा येणारच! तू काय चालणाऱ्यांतली होतीस का?

आठवतं ना, कारखान्याचं गाळप सुरू झालं की मैदानावर मळीचा वास यायचा, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. अण्णांची दुपारची पाळी असली की आपण सरावाला मोकळ्या. आठजणी एकाआड एक तोंडं फिरवून बसलेल्या, त्यांत मी. तू पाठीमागून यायचीस, दिसायची नाहीस. पाठीवर थाप आणि 'खो!' की उठून सुटायचं. घरात मी शेंडेफळ, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तिथं मात्र मी अर्धा क्षण उशिरा उठले तर सगळा डाव फसायचा. हरून आलो तरी रात्री झोप कशी गाढ लागायची! जिंकण्याचं सुख वेगळं. मी हे दुसरंच सांगतेय, तुला कळतंय.

मला उठवून तू माझ्या जागेवर बसायचीस, खेळाचा नियमच तो. लग्नानंतर मात्र बसलीस ती बसलीसच. तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, मीही नाही. माझे बूट कुणाच्या पैशांतून आले ते मला ठाऊक आहे, अक्का.

कोपनहेगनला साडेआठ हजारांवर माणसांची 25 वर्षांपर्यंत पाहणी केली होती, ती 2018 साली छापून आली. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा एकट्यानं धावणारे साधारण 3 वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले 6 आणि टेनिसवाले 9 वर्षांहून जास्त. टेनिस खेळणाऱ्यांकडे पैसाही असतो म्हणा, त्यामुळे सगळं श्रेय खेळाला देता येत नाही. पण समोर कुणीतरी लागतं, असे खेळ वरच्या क्रमांकांवर निघाले, हे मला पटतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं हालचाल सांगते. तुझ्या डॉक्टरांचं चूक नाहीच. पण ती 150 मिनिटं हसत गेली तर काय बिघडलं?

वय झालं म्हणू नकोस. तुकोबांची पालखी बेलवाडीला येते तेव्हा रिंगणात साठी उलटलेल्या बायका फुगड्या घालतात, ते तू माझ्याच शेजारी उभी राहून पाहिलंस ना? शुगर त्यांनाही असेल, गुडघे त्यांचेही दुखत असतील. त्या दिवशी तुझे पाय जागच्या जागी थिरकत होते. मी पाहिलं, बोलले नाही.

आणि एक तक्रार आहे. 2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा फोनवर सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडलीस. आणि त्याच वर्षी दहावी आली म्हणून नातीचं मैदान बंद केलंस! संध्याकाळची तिची ती चिडचिड अभ्यासाची नाही गं. शाळकरी पोरांना दिवसाला सरासरी तासभर अंगमेहनतीची हालचाल हवी, हेही तीच संघटना सांगते. क्लास एक तास उशिरा लागला तर आभाळ कोसळत नाही. आपल्या वेळी ज्यांनी आपल्याला अडवलं त्यांच्यावर तू किती चिडायचीस, ते तिला सांगितलंयस कधी?

इथं आम्ही काही बायका शनिवारी संध्याकाळी जमतो. गुडघे सांभाळून, खांबाशी झेपा न घेता, धापा टाकत खेळतो. भांडणंही होतात. डॉक्टरांना विचार, खिशात खडीसाखर ठेव, गोळ्या चुकवू नकोस आणि ये. साडेपाचला. नातीला घेऊन ये, आम्हाला एक जण कमी पडतेय.

तुझी,
धाकटी
सोमेश्वरनगर