धाडहून अजिंठ्याच्या रांगेकडे

बुलढाण्याहून भोकरदनच्या वाटेला लागले की जिल्ह्याची हद्द संपता संपता धाड येते. पुढे जालना जिल्हा. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले किल्ले पाहावयास निघताना आम्ही सॅक येथेच शेवटची उपसतो. भोकरदन, सिल्लोड, उंडणगाव करीत हळद्याचा घाट गाठला की वेताळवाडीचा किल्ला समोर उभा राहतो आणि त्याच परिसरात जंजाळा व घटोत्कच लेणी आहेत.

पहिला हिशेब पाण्याचा. चैत्रात ओढे कोरडे पडलेले असतात; माणशी चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, आणि त्यात कपात करणे म्हणजे उन्हाशी पैज लावणे. काटकसर करायची ती उरलेल्या सामानात. वेताळवाडी चढण्यास दोर लागत नाही. परंतु भोवतालच्या काळ्या कड्यांवर सराव करावयाचा तर 30 मीटरचा दोरच दोन किलोंच्या घरात जातो. मग त्यालाही रिकामा बसू देत नाही. मुक्कामी त्याचे वेटोळे पसरून त्यावर बसावे, रात्री पाठीखाली घ्यावे. अंथरावयाची चटई सॅकच्या पाठीशी लावली की सामान टोचत नाही.

उतरताना दोर अडविण्याचे वेगळे उपकरण मी बहुधा घरीच ठेवतो. मोठ्या, कुलपाच्या कॅराबिनरवर इटालियन गाठ मारली की तेच काम होते. दोराला पीळ मात्र पडतो, म्हणून उतार लांबलचक असेल तर ही काटकसर नको. कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली मांडलेल्या गाठीसाठी सहा मिलिमीटरची दोरी जवळ असतेच. तीच संध्याकाळी कपडे वाळत घालण्यास पुरते.

आपल्या घरांतून पाणी गाळण्याचे सुती वस्त्र नवे नाही. तसे एक लांबरुंद फडके डोक्यास बांधता येते, दुखावलेला हात गळ्यात अडकविता येतो, कड्याच्या धारेवर दोराखाली घालता येते. तथापि खडकावर घासलेल्या फडक्यातून कोण पाणी गाळणार? म्हणून फडकी दोन.

या कलेत आमचे खरे गुरू या डोंगरांतले मेंढपाळ. त्यांचे घोंगडे हलके नसते. पण पावसात तेच खोळ होते, रात्री अंथरूण व पांघरूण होते, बाजारहाटाला गाठोडे होते. वजन वस्तूचे मोजावे की तिच्या कामांचे, हा हिशेब त्यांना तराजूवाचून जमतो.

एक गोष्ट मात्र मी नव्या मुलांना धाडलाच बजावतो. डायनीमाची बारीक पट्टी हलकी म्हणून मोहात पाडते, पण ती सुमारे 145 अंशांना वितळते; घर्षणाच्या गाठीसाठी ती वापरू नये. आणि ज्या पट्टीने सॅक आवळली आहे, तीच वर आधारासाठी लागणार असेल, तर अडचणीच्या जागी सॅक सोडत बसावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी सारे सामान ओट्यावर मांडून एकच प्रश्न विचारायचा: या वस्तूची दोन कामे एकाच क्षणी तर येणार नाहीत ना? येणार असतील तर दुसरी वस्तू घ्यायची, वजन वाढले तरी. विजेरी प्रत्येकाची वेगळी असते, आणि तिचे सुटे सेलही.