फीच्या ऐवजी

इन स्पाईट ऑफ, ऑन बिहाफ ऑफ, इन अकॉर्डन्स विथ. इंग्रजी व्याकरणात ज्यांना कॉम्प्लेक्स प्रिपोझिशन म्हणतात, ती ही तीन-तीन शब्दांची जोडकामं माझ्या डोक्याच्या आधी माझ्या बोटांना कळली. याचं श्रेय शाळेला नाही, कॉलेजालाही नाही. ते केजमधल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मास्तरांचं. ते आता नाहीत. घरच्यांना आवडेल न आवडेल म्हणून नाव घालत नाही. ज्यांनी त्यांच्याकडे बोटं बडवली त्यांना नावाची गरजही पडणार नाही.

गोष्ट १९८० नंतरच्या काही वर्षांतली. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाताना लागणारं आमचं तालुक्याचं गाव. दसरा झाला की आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांमधली निम्मी घरं कुलपं लावून उसाला जायची आणि वर्गातले बाक रिकामे व्हायचे. आमची थोडी कोरडवाहू होती म्हणून आम्ही गावात राहिलो, इतकाच फरक. दहावीनंतर मुलीनं काय करायचं याचं वडिलांना पटलेलं उत्तर टायपिंग हे होतं. जी.सी.सी.ची, म्हणजे सरकारी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची, मग चाळीसची, मग कुठं कारकुनीची जागा निघाली तर बघायचं.

इन्स्टिट्यूट म्हणजे पत्र्याची लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, त्यांवर गोदरेज आणि रेमिंग्टनची जुनी मशिनं, आणि दुपारी पत्रा तापला की शाईच्या रिबिनीचा आणि मशिनच्या तेलाचा मिळून एक वास. मास्तर तहसिलीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. शिक्षण निजामाच्या अमदानीतलं, म्हणजे उर्दूतून. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान गेलं, कचेरीतली उर्दू गेली, इंग्रजी आली. पुढं १९६४ च्या राजभाषा कायद्यानं मराठी आली. एकाच खुर्चीत बसून या माणसानं तीन भाषांचा कारभार बडवला होता. त्यांना इंग्रजी बोलता यायचं नाही. नाउन कशाला म्हणतात हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. पण कोणत्या शब्दामागं कोणता शब्द येतो, हे त्यांच्या बोटांत होतं.

ज्यांनी हाताचं मशिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ओळ संपत आली की काही अक्षरं आधी घंटी वाजते. ती वाजली की टायपिस्टनं ठरवायचं, हातातला शब्द या ओळीत बसवायचा की कॅरेज ओढून खाली न्यायचा. आम्ही सगळ्याच पोरी जागा असेल तितकं कोंबायचो. ‘ऑन बिहाफ’ वर, ‘ऑफ’ खाली. मास्तर मागून फेऱ्या मारत असायचे. कागदावर बोट ठेवून म्हणायचे, “का गं माय, हे तोडलंस कशापायी? मोळी बांधल्यावर टिपरं मोजतेत का? मोळी उचलायची तर सगळी उचल, नाही तर ठिऊ दे खाली.” ओळ आखूड राहिली तरी त्यांना चालायचं, मोळी सुटलेली चालायची नाही. परीक्षेत यासाठी कुणी गुण कापत नव्हतं. हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. पण त्या कायद्यानं झालं असं, की ‘ऑन बिहाफ ऑफ’ हे तीन शब्द आहेत हे मी विसरूनच गेले. तो एक झपाटा होता.

शाळेत याच्या उलट शिकवलं होतं. इन म्हणजे आत, ऑफ म्हणजे चा-ची-चे, आणि स्पाईट म्हणजे शब्दकोशात बघा. शब्दकोशात स्पाईट म्हणजे आकस, खुन्नस. आता ‘इन स्पाईट ऑफ द रेन’चा ‘पावसाच्या आकसाच्या आत’ असा अर्थ लावून कुणाला काय कळणार? मग आमचे सर गाईड उघडून युक्ती सांगायचे: ऑल्दो काढा, इन स्पाईट ऑफ घाला, क्रियापदाला आयएनजी लावा. उदाहरण महाराष्ट्रभर ठरलेलं. तो गरीब आहे तरी प्रामाणिक आहे. इन स्पाईट ऑफ बीइंग पुअर, ही इज ऑनेस्ट. रूपांतर बरोबर, दोन गुण खिशात. या रचनेपुढं पूर्ण वाक्य चालत नाही, नाम किंवा नामासारखं वागणारं आयएनजीचं रूप लागतं, हा नियम त्या युक्तीत दडलेला आहे आणि तो खराच आहे. मराठीत आपण ‘असूनही’ म्हणून हेच एका शब्दात उरकतो.

सरावासाठी मी ते वाक्य एकदा मशिनवर पानभर उतरवलं. मास्तरांनी पान काढून घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, “गरिबीचं आन् इमानाचं कशाचं भांडण हाय? हे कुणी लिव्हलं?” मी म्हटलं, गाईडात आहे. त्यांनी स्वतः बसून खाली एक ओळ मारली. पुअरच्या जागी रिच. इन स्पाईट ऑफ बीइंग रिच, ही इज ऑनेस्ट. “आता बरूबर झालं,” म्हणाले. इन स्पाईट ऑफ हा निव्वळ सांधा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना काय ठेवायचं यात लिहिणाऱ्याचं जग उघडं पडतं, हे मी आज वर्गात चांगल्या शब्दांत सांगते. माझ्या वर्गातलं उदाहरण अजून तेच आहे, मास्तरांचं.

दुसरी एक गोष्ट त्यांनी एसटी स्टँडवर शिकवली. परीक्षेला आम्हा मुलींना घेऊन चालले होते. मी कुठलासा उतारा पाठ म्हणत होते, त्यात ‘इन फ्रंट ऑफ द बस’ होतं आणि मी मध्ये एक ‘द’ जास्तीचा घालत होते. मास्तरांनी फलाटाला लागलेल्या गाडीकडं हात केला. “इन फ्रंट ऑफ म्हनलं की मानूस गाडीम्होरं उभा. द घातला की मानूस गाडीत चढला, डायवरच्या मागच्या शीटवर बसला.” इंग्रजी शिकवण्याच्या माझ्या सगळ्या नोकरीत यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. ‘द’ आला की फ्रंट हे पुन्हा साधं नाम होतं, त्याला जागा मिळते, आकार मिळतो, तिथं बसता येतं. ‘द’ नसला की ते नाम राहत नाही. अख्खं मिळून आपल्या ‘पुढं’सारखं एक अव्यय होतं.

आता फीचं. एका वर्षी पाऊस आला नाही आणि माझी फी थकली. वडिलांनी सांगितलं, मास्तरांना सांग, क्लास बंद करते. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी थांबवून घेतलं. मशिनं पुसायची, रिबिनी बदलायच्या, नव्या पोरींना बोटं कशी ठेवायची ते दाखवायचं, परीक्षेचे फॉर्म भरायचे. त्यात फी फिटली. आणि हे तोंडी ठेवलं नाही. अर्ध्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी टाईप करून, सही-शिक्का मारून माझ्या हातात दिल्या. अर्थ असा, की सदर विद्यार्थिनीनं संस्थेच्या मशिनींची देखभाल केली, इन लियू ऑफ फीज. मी विचारलं, लियू म्हणजे काय? म्हणाले, “लियू म्हंजे काहीच नाही. इन लियू ऑफ म्हंजे ऐवजी.”

आणि मग उर्दूत शिकलेला तो माणूस रंगात आला. ऐवजी हा शब्द तरी आपला कुठं आहे, तो एवज, अरबीतून आलेला. बद्दल तिकडचाच, खेरीज, शिवाय, मार्फत, बाबत, सगळे पाहुणे येऊन घरचे झालेले. चोरीच्या बातमीत ‘ऐवज लंपास’ होतो तेव्हा तो नाम असतो, हातात धरता येतो. ‘फीच्या ऐवजी’ म्हटलं की हातात काही राहत नाही. उर्दूत ‘के बावजूद’, इंग्रजीत ‘इन स्पाईट ऑफ’. आतल्या शब्दाचा जीव गेलेला असतो आणि वरून नातं दाखवायचं काम तेवढं उरतं. फरक जागेचा. आपण माणूस आधी सांगतो आणि ‘च्या वतीनं’ मागून जोडतो. इंग्रजीत कुणाच्या वतीनं हे कळायच्या आत ‘ऑन बिहाफ ऑफ’ बोलून मोकळं व्हावं लागतं. मराठी मुलं तिथं अडखळतात ती यामुळं. मी अजूनही मुलांना वाक्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडं वाचायला लावते, तेव्हा ती गडबडत नाहीत.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून थकलेली फी द्यायला गेले होते. “कागद हाय ना तुझ्यापशी? लियू झालेलं हाय,” म्हणाले, आणि चहा मागवला. कायद्यानं माझ्याकडं त्यांचं काही निघत नव्हतं.

मास्तर या शब्दांचे भक्त होते असं मात्र नाही. तालुक्यातल्या एका गावची बाई नवऱ्याच्या विम्याचं पत्र घेऊन आली होती. कंपनीनं लिहिलं होतं, कागदपत्रं अप्राप्त असल्याच्या कारणास्तव दावा प्रलंबित; इंग्रजीत ‘ऑन अकाउंट ऑफ नॉन-रिसीट ऑफ’ अशी दुहेरी गाठ. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, “ह्यात मानूस कुठं हाय ते दाखव.” खरंच नव्हता. कुणी पाठवलं नाही, कुणाला मिळालं नाही, काहीच नाही. क्रियापद नामात कोंडलं की करणारा निसटतो, आणि ही लांब अव्ययं नेमकी नामं मागतात. कचेऱ्यांना ती का लाडकी, त्याचं हे खरं कारण. मराठीकरण झालं तरी ती खोड गेली नाही. ‘च्या अनुषंगाने’, ‘च्या अधीन राहून’ ही त्याच घरातली नवी भावंडं. मास्तरांनी उत्तराची पहिली ओळ कंपनीच्या भाषेत घातली, विथ रेफरन्स टू युवर लेटर. दुसरी ओळ बाईची. मी अमुक तारखेला रजिस्टरनं कागद पाठवले, तुमच्या माणसानं सही करून घेतले, पावती जोडली आहे. ‘आय’ आणि ‘युवर मॅन’. पुढं तिचे पैसे आले.

पण त्याच बाईला मजकूर समजावताना, पॉलिसीतलं ‘इन द इव्हेंट ऑफ डेथ’ आलं तेव्हा मास्तर थांबले आणि नुसतं “काही बरंवाईट झालं तर” एवढं म्हणाले. आडपडदा नेहमी लबाडीचाच असतो असं नाही, हेही मी तिथंच पाहिलं.

पुढं औरंगाबादला विद्यापीठात एम.ए.ला गेले आणि ग्रंथालयात क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५ चं ते विटेएवढं जाड व्याकरण हातात आलं. त्यात एक पट्टी मांडली आहे. एका टोकाला ‘इन स्पाईट ऑफ’, दुसऱ्या टोकाला ‘ऑन द शेल्फ बाय’ अशी साधी, सुटी शब्दांची रांग. मधल्या शब्दाचं अनेकवचन होतं का? त्याला ‘द’ लागतो का? विशेषण लागतं का? शेवटचा ‘ऑफ’ बदलता येतो का? पुढचं नाम काढून टाकता येतं का? शेल्फच्या बाबतीत सगळं चालतं. स्पाईटच्या बाबतीत काहीच चालत नाही. बाकीची मधे कुठंतरी. ‘ऑन बिहाफ ऑफ’चं ‘ऑन माय बिहाफ’ करता येतं, ‘फॉर द सेक ऑफ’चं ‘फॉर माय सेक’ करता येतं, पण ‘इन माय स्पाईट’ नाही. म्हणजे काही मोळ्या घट्ट, काही सैल. २००२ मध्ये केंब्रिजच्या व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी ही संकल्पनाच मोडीत काढली. त्यांच्या मते वेगळी जात मानायची गरज नाही. त्यांचा युक्तिवाद मी शिकवते. पटलेला नाही.

या सैलपणाचा सगळ्यात मोठा उपयोग मला आपल्या राज्यघटनेत दिसला. अनुच्छेद १५ मध्ये भेदभावाला मनाई करताना ‘ऑन ग्राउंड्स ऑफ’ असं सरळ नाही. मध्ये एक शब्द आहे, ‘ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ’. मग धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. ‘इन स्पाईट ऑफ’च्या पोटात असा शब्द घुसवता येत नाही. ‘ऑन ग्राउंड्स ऑफ’ सैल होतं म्हणून ‘केवळ’ला तिथं जागा मिळाली, आणि त्या एका शब्दाच्या अर्थावर वकिलांनी किती युक्तिवाद केले असतील! नामांतराच्या लढ्यानं ढवळलेल्या त्या विद्यापीठात बसून बाबासाहेब ज्या समितीचे अध्यक्ष होते तिनं घडवलेला हा मसुदा वाचणं, ही माझ्या शिक्षणातली मोठी गोष्ट.

क्वर्कच्या त्या पानांची झेरॉक्स घेऊन मी सुट्टीत केजला गेले. मास्तर तेव्हा थकले होते, इन्स्टिट्यूट मुलगा बघत होता. ओट्यावर बसून मी त्यांना एकेक कसोटी मराठीत सांगितली. ते ऐकत होते, मध्येच ओठ हलवून एखादी मोळी म्हणून बघत होते. ‘इन द स्पाईट ऑफ’, नाही. ‘इन स्पाईट्स ऑफ’, नाही. सगळं संपल्यावर विचारलं, “ह्या सायबाला टायपिंग येत व्हतं का?”

मी म्हटलं, माहीत नाही.

“नसंल येत,” ते म्हणाले. “घंटीचं काहीच लिव्हलं नाही त्यानं.”